घडी पडलेला बेब रूथ की कोरा करकरीत पाफ्को?

भाच्याचा फोन आला तेव्हा मी रात्रीची भांडी घासत होतो. "मामा, जुन्या बेसबॉल कार्डांचा लिलाव रविवारी संपतोय. दोन लॉटवर डोळा आहे, पैसे एकापुरतेच आहेत." त्याच्याकडे दहा हजार डॉलर. पहिला लॉट, म्हणजे लिलावातली वस्तू, १९३३ चं गाऊडी कंपनीचं कार्ड, बेब रूथ या बेसबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या नावाचं. कोपरे गोल झालेले, मधून घडी, दहापैकी ग्रेड दोन. दुसरा लॉट टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचातल्या एका खेळाडूचा. त्याचं नाव इथल्या न्यू जर्सीतल्या म्हाताऱ्यांनाही डोकं खाजवून आठवावं लागेल, पण कार्ड काल छापल्यासारखं. ग्रेड नऊ.

जुन्या बेसबॉल कार्डांच्या लिलावात उतरणारा प्रत्येक जण कधी ना कधी या तिठ्यावर येतो. मोठं नाव फाटक्या अंगरख्यात घ्यायचं, की लहान नाव इस्त्रीच्या कपड्यात? मी दोन्ही करून पाहिलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नवख्यांसाठी एवढंच, की कार्ड पीएसए किंवा एसजीसीसारख्या कंपनीकडे पाठवतात. ते कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यभागी बसलंय का ते बघतात, एक ते दहा असा आकडा देतात आणि कार्ड कडक प्लास्टिकमध्ये बंद करतात. त्याला सगळे स्लॅब म्हणतात. कुठल्या कार्डाची कुठल्या ग्रेडची किती नगं आजवर नोंदली गेली, हेही या कंपन्या जाहीर करतात. तो पॉप रिपोर्ट. लिलावातली निम्मी मारामारी त्या तक्त्यावरून होते.

दुर्मीळ काय, कार्ड की त्याची अवस्था?

दोन टोकं घेऊ. होनस वॅगनर या खेळाडूचं, टी२०६ नावाच्या संचातलं कार्ड १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून निघालं. वॅगनरच्या आक्षेपामुळे त्याची छपाई लवकर थांबली, आणि आज जगात त्याची पन्नास-साठच नगं ठाऊक आहेत. दुसरं टोक म्हणजे १९५२ चं टॉप्सचं मिकी मँटल या खेळाडूचं कार्ड, क्रमांक ३११. हे मुळात दुर्मीळच नाही. छपाईच्या शीटवर ते दोनदा होतं, त्यामुळे आसपासच्या कार्डांपेक्षा जास्तच छापलं गेलं. न खपलेला माल १९६० मध्ये बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवला, ही गोष्ट टॉप्सच्या साय बर्गर यांनीच सांगितलेली. तरीही हजाराहून जास्त मँटल ग्रेडिंगमधून गेली आहेत.

आता भाव बघा. एसजीसी ९.५ ग्रेडचं मँटल ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. तेच कार्ड ग्रेड एकमध्ये पाच आकडी डॉलरमध्ये मिळतं. छपाई तीच, खेळाडू तोच, सगळा फरक कोपऱ्यांचा. वॅगनरचा हिशेब वेगळाच. ऑगस्ट २०२१ मध्ये ग्रेड तीनचं वॅगनर ६६ लाख डॉलरला गेलं आणि वर्षभराने ग्रेड दोनचं, म्हणजे त्याहून वाईट अवस्थेतलं, साडेबाहत्तर लाखांना. २०२२ मध्येच अर्धं फाटलेलं वॅगनर १५ लाखांच्या आसपास गेलं. अर्धं! मँटलमध्ये पैसे पडतात ते आकड्याचे. वॅगनरमध्ये कार्ड असण्याचेच पैसे पडतात, आकडा मागून चालतो.

भाच्याचे दोन लॉट म्हणजे याच दोन टोकांची धाकटी भावंडं. गाऊडी रूथ वॅगनरइतकं दुर्मीळ नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १९३३ च्या त्या २४० कार्डांच्या संचात रूथची एकच काय, चार कार्डं आहेत. पण रूथ हवा असणाऱ्यांची रांग इतकी लांब, की ग्रेड एकच्या कार्डालाही गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. टॉप्सच्या त्या अनोळखी खेळाडूचं ग्रेड पाचचं कार्ड मात्र कुणी फुकट दिलं तरच खिशात टाकेल.

तुमच्या समोर बोली लावतंय कोण?

माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो फारसं कुणी विचारत नाही.

उच्च ग्रेडच्या साध्या कार्डावर लढणारे लोक मोजके असतात. पीएसएची सेट रजिस्ट्री म्हणजे पूर्ण संच गोळा करणाऱ्यांची क्रमवारी. ज्याच्या संचाची सरासरी ग्रेड जास्त, तो वर. पहिल्या क्रमांकावरच्या गृहस्थांकडे एखादं कार्ड आठ ग्रेडचं असेल आणि नऊचं बाजारात आलं, तर ते सोडणार नाहीत. दुसऱ्या क्रमांकावरचेही सोडणार नाहीत. दोघांची जुंपली की भाव वाट्टेल तिकडे जातो. नमुना हवा असेल तर १९५२ च्या टॉप्स संचातलं क्रमांक एकचं कार्ड घ्या, अँडी पाफ्कोचं. चांगला खेळाडू होता. १९५१ मध्ये बॉबी थॉमसनचा तो प्रसिद्ध होमरन याच्याच डोक्यावरून गेला. पण रूथच्या पंगतीला बसणारा नव्हे. मात्र क्रमांक एक असल्यामुळे पोरं गठ्ठा रचायची तेव्हा पाफ्को सर्वात वर यायचा आणि रबरबँड त्याच्याच कडा कापायचा. त्यामुळे धड कडांचा पाफ्को औषधालाही सापडेना. १९९८ मध्ये ग्रेड दहाचा पाफ्को ८३,८७० डॉलरला गेला.

लहानपणी पोस्टाची तिकिटं जमवलेल्यांना हे कळेल. मागचा मूळ गोंद शाबूत असलेल्या तिकिटाचा भाव वेगळा आणि वहीत चिकटवून काढलेल्याचा वेगळा. फक्त इथे त्या गोंदासाठी दोन श्रीमंत माणसं रात्री दीड वाजता भांडत असतात.

धोका असा, की त्या दोघांपैकी एकाला कार्ड मिळालं की तुमच्या कार्डाचा एक गिऱ्हाईक कायमचा संपला. पुढच्या वेळी तुम्ही विकायला काढाल तेव्हा बोली लावायला उरेल कोण? साध्या खेळाडूंच्या उच्च ग्रेड कार्डांचे भाव एका लिलावातून दुसऱ्या लिलावात निम्म्यावर येताना मी पाहिले आहेत. घडी पडलेल्या रूथवर बोली लावणारे शंभर जण असतात. त्यातला एक गेला तर काही बिघडत नाही.

पोटमाळ्यावरून आणखी निघाली तर?

२०१२ मध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावात एका घराच्या माळ्यावर जुन्या खोक्यात १९१० च्या सुमाराची सातशेच्या आसपास कार्डं निघाली. ई९८ नावाच्या संचातली, छोटी, रंगीत आणि कुणी हात न लावल्यासारखी. तोवर या संचाची चांगल्या अवस्थेतली नगं हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी होती. एका खोक्याने पॉप रिपोर्ट पुन्हा लिहिला. आदल्या वर्षी कुणी "सर्वोत्तम ज्ञात" म्हणून एखादं घेतलं असेल, त्याच्या चेहऱ्याचा विचार करा.

मूळ दुर्मीळ कार्डही यातून सुटत नाही. टाय कॉब या खेळाडूचं, मागच्या बाजूला त्याच्याच नावाच्या तंबाखूची जाहिरात असलेलं एक कार्ड आहे. २०१६ मध्ये चुरगळलेल्या कागदी पिशवीत अशी सात एकदम निघाली, तेव्हा तोवर जगात जेमतेम पंधरा ठाऊक होती. पण फरक आहे. दुर्मीळ कार्डाची संख्या वाढायला नवीन कार्डच सापडावं लागतं. उच्च ग्रेडची संख्या त्याशिवायही वाढते. कुणी आठ ग्रेडचं कार्ड स्लॅबमधून फोडून पुन्हा पाठवतो आणि त्या दिवशी तपासणाऱ्याला ते नऊ वाटतं.

आणि वाटतं ते नेहमी खरं असतं असंही नाही. पीएसएने अगदी सुरुवातीला, १९९१ मध्ये, ज्या वॅगनरला ग्रेड आठ दिली तेच कार्ड पुढे २८ लाखांना गेलं. २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कबूल केलं, की ते विकण्याआधी त्याने त्याच्या कडा कापून सरळ केल्या होत्या. त्याच्या कंपनीत भाव चढवायला खोट्या बोल्याही लागत. मास्ट्रोला त्या प्रकरणात वीस महिन्यांची शिक्षा झाली. कडा कापणं, घडी दाबून सपाट करणं, उडालेला रंग भरणं, या उद्योगांचं पोट उच्च ग्रेडवर चालतं. आधीच घडी पडलेल्या, कोपरे झिजलेल्या रूथची कड कापून कुणाला काय मिळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण स्लॅबमध्ये झाकलेल्या मुठीचं खातं नऊच्या पुढेच गुंतागुंतीचं होतं.

जिथे मी उलट सांगेन

एवढं वाचून "म्हणजे कमी ग्रेडच घ्यावी" असं कुणी धरून बसू नये. १९१४ आणि १९१५ ची क्रॅकर जॅक कार्डं बघा. १९१४ ची कार्डं पाक लावलेल्या पॉपकॉर्नच्या डब्यातच असायची. साखर, तेल, पाकाचे डाग. १९१५ चा पूर्ण संच मात्र कूपन पाठवून टपालाने मागवता येत असे, त्यामुळे पाकाला न शिवलेली कितीतरी कार्डं टिकली. खेळाडू बहुतेक तेच, लाल पार्श्वभूमी तीच. १९१५ चं कार्ड उलटून पाहिलं तर मागचा मजकूर डोक्यावर उभा असतो, हीच ओळखायची खूण. इथे १९१४ चं डागविरहित कार्ड म्हणजे डब्यातून वाचून आलेली वस्तू आहे. त्या अवस्थेला स्वतःचा इतिहास आहे, तिचे जास्त पैसे मी खुशीने देईन. १९१५ चं उच्च ग्रेड मिळणं तुलनेने सोपं, तिथे हात आखडता घेईन.

तसंच १९७१ च्या टॉप्सचं. काळ्या कडा, जरा घासलं की पांढरं दिसतं. लहानपणी बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं खिशात ठेवून शाळेत नेलेल्यांना सांगायला नको, चार दिवसांत काय होतं ते. काळ्या कडेचं शाबूत कार्ड समोर ठेवलं की नजर हटत नाही. पण त्याचं कारण स्लॅबवर छापलेला आकडा नव्हे.

पीएसए की एसजीसी, यावर लोक घसा कोरडा करतात. थोडक्यात, त्याच ग्रेडला पीएसएच्या स्लॅबमध्ये बहुधा जास्त भाव येतो, एसजीसीची काळी चौकट जुन्या कार्डांना शोभून दिसते, आणि २०२४ पासून दोन्हींचा मालक एकच आहे. विकायचं असेल तर पीएसए, घरी ठेवायचं असेल तर जे स्वस्त पडेल ते.

लिलावाची रात्र

या लिलावांची वेळ ठरलेली असली तरी ते वेळेवर संपत नाहीत. बऱ्याच ठिकाणी रात्री दहानंतर वाढीव वेळ सुरू होतो. ठरावीक मिनिटं कुणीच बोली लावली नाही तरच लॉट बंद होतो. काही ठिकाणी दहाच्या आधी त्या लॉटवर एक तरी बोली लावलेली नसेल तर नंतर दार बंद. म्हणून आवडलेल्या लॉटवर संध्याकाळीच एक लहानशी बोली टाकून ठेवा. इथे मध्यरात्र होते तेव्हा पुण्यात सकाळचा चहा-नाश्ता उरकलेला असतो. तिथे बहिणीला इथला मुलगा का झोपत नाही याची काळजी असते, ती वेगळीच.

गरजवंताला अक्कल नसते, आणि रात्री एकच्या पुढे तर नसतेच. म्हणून आकडे दिवसाच मांडावेत. हातोडा दहा हजारांवर पडला म्हणजे दहा हजार द्यायचे असं नाही. त्यावर लिलावघराचं साधारण वीस टक्के कमिशन, म्हणजे बारा हजार. न्यू जर्सीत त्यावर ६.६२५ टक्के विक्रीकर. झाले १२,७९५, शिवाय विमा आणि टपाल. भाच्याकडे सगळे मिळून दहा हजार. उलटा हिशेब केला तर त्याने ७,८०० च्या वर बोली लावताच कामा नये.

आणखी एक. कॅटलॉगचा फोटो सरळ उजेडात काढलेला असतो. एकदा मी ग्रेड तीनचं कार्ड फोटोवर भाळून घेतलं. घरी आल्यावर दिव्याखाली तिरकं धरलं, तर चेहऱ्यावरून आडवी जाणारी केसाएवढी घडी. तपासणाऱ्याने ती मोजूनच तीन दिले होते, चूक माझीच. त्यानंतर मी लिलावघराला फोन करून विचारतो, "तिरक्या उजेडात काय दिसतं?" बहुतेक जण नीट सांगतात. घडी पडलेली असेलच, तर ती चेहऱ्यावरून जाते की कोपऱ्यातून, यावर तुमचं पुढच्या वीस वर्षांचं समाधान ठरतं. दोन ग्रेडची दोन रूथ शेजारी ठेवली तर एक माणूस दिसतो आणि एक चिंधी, आणि स्लॅबवरचा आकडा दोन्हींचा सारखाच.

भाच्याला मी रूथ सुचवला. रविवारी रात्री अकराला ७,७५० वर तो आघाडीवर होता. पावणेबाराला कुणीतरी ८,००० लावले. त्याचा मेसेज आला, "मामा, फक्त एक बोली?" मी उत्तर दिलं नाही, म्हणजे झोपलोय असं समजून तोही गप्प बसला. गाऊडी रूथ जवळपास प्रत्येक मोठ्या लिलावात येतं. पुढचं कॅटलॉग लागेल तेव्हा बघू. तो टॉप्सचा नऊ ग्रेडवाला कितीला गेला, हे त्याने सकाळी सांगितलं. मी दोनदा विचारलं, ऐकण्यात चूक तर झाली नाही ना म्हणून.