‘क्लच जळलाय’ म्हणून माझ्याकडून ४,६०० रुपये घेतले

बाबांची स्प्लेंडर २००३ ची. खानापूरहून बेळगावला उद्यमबागेत कामाला जायला आता ती मीच वापरतो. जाऊन-येऊन रोजचे पन्नासेक किलोमीटर होतात. जुनी जुनी म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ, पण या गाडीनं आम्हाला कधी वाटेत सोडलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात गोव्यात साखळीला बहिणीकडं गेलो होतो. परत येताना चोर्ला घाटाच्या चढावर गाडी ओढेना. एक्सलेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडायचं आणि काटा तीसच्या वर जायचा नाही. मागं बायको बसलेली, वर बहिणीनं दिलेली नारळाची पिशवी. थोड्या वेळानं करपल्यासारखा वास यायला लागला. घाटमाथ्यावर थांबून गाडी गार केली आणि हळूहळू कणकुंबी, जांबोटी करत घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता बेळगावातल्या एका गॅरेजात गाडी टाकली. मेकॅनिकनं एक चक्कर मारली आणि उतरता उतरताच सांगितलं, “क्लच पूर्ण जळलाय. प्लेटा, हब, स्प्रिंग सगळं गेलंय. असेंब्लीच घालावी लागंल.” त्यानं क्लचचा लिव्हर हातानं दाबून बघितला नाही, केबलला हात लावला नाही, ऑइल कधी आणि कुठलं घातलं हे विचारलंही नाही. मी मशीन शॉपमध्ये काम करतो. मोजल्याशिवाय जॉब रिजेक्ट करायचा नाही हे मला रोज शिकवलं जातं. तरी त्या वेळी मी गप्प बसलो, कारण घाटातली भीती डोक्यात होती.

संध्याकाळी गेलो तर गाडी तयार. त्यानं एक काळीठिक्कर पडलेली प्लेट हातात दिली. “ही बघा तुमची. ४,६०० झाले.” बिल मागितलं तर म्हणाला, बिल केलं तर जीएसटी वरून पडेल. मी रोख पैसे दिले. बाबांना दाखवायला म्हणून ती काळी प्लेट तेवढी कागदात गुंडाळून मागून घेतली. पुढं तीच कामाला आली.

बारा-तेरा दिवस गाडी बरी चालली. मग देसूरच्या पुढं परत तेच, इंजिनचा आवाज वाढतोय आणि गाडी जागच्या जागी. शिवाय उजव्या बाजूच्या कव्हरखाली ऑइलचे थेंब. या वेळी खानापुरातल्या आमच्या जुन्या मेकॅनिक मामांकडं गेलो. वय सत्तरीचं, हात अजून स्थिर.

मामांनी पहिला प्रश्न विचारला, “ऑइल कुठलं घातलंयस?” मला आठवलं. दिवाळीआधी एका दुकानात मी स्वतःच कारच्या ऑइलचा डबा घेतला होता, महाग म्हणजे चांगलं असेल असं वाटून. मामांनी कपाळाला हात लावला.

स्प्लेंडरसारख्या गाडीत क्लचच्या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. कारला ती चालतात, कारण तिचा क्लच सहसा कोरडा आणि वेगळा असतो. आपल्या गाडीत त्याच ऑइलनं प्लेटा एकमेकींवरून सटकतात. मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए २’ (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्यावं. ‘एमबी’ लिहिलेलं स्कूटरसाठी असतं.

मामांनी कव्हर खोललं. पॅकिंग जुनंच, वरून सिलिकॉन फासलेलं. आत प्लेटा त्याच, हब तोच, स्प्रिंगाही त्याच. नवीन असेंब्लीचा पत्ता नव्हता. मी दुसऱ्या दिवशी माझ्या क्लचमधून निघालेली एक प्लेट कामावर नेली, दुकानातून नवी प्लेट आणली आणि दोन्हींची जाडी व्हर्निअरनं मोजली. माझी प्लेट नवीपेक्षा जेमतेम एक दशांश मिलीमीटरनं कमी भरली. म्हणजे ती जळलेली नव्हतीच. संध्याकाळी मामांनी गॅरेजवाल्यानं दिलेली ती काळी प्लेट माझ्या क्लचच्या आउटरमध्ये, म्हणजे प्लेटा बसतात त्या बाहेरच्या वाटीत, बसवून बघितली. बसेचना. कान खाचेत जाईनात, घेरही मोठा. ती दुसऱ्याच कुठल्या गाडीची होती. ती हातात धरून मला खरंच वाईट वाटलं, कारण बाबांसमोर मी तीच दाखवून खर्च पटवून दिला होता.

मग बारा दिवस गाडी बरी कशी चालली? केबल इतकी ताणलेली होती की लिव्हर सोडल्यावरही क्लच पूर्ण बसत नव्हता. त्या माणसानं कव्हर बसवताना तेवढी ढिली केली असणार. ऑइल मात्र काढलेलंच परत ओतलं होतं. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलीमीटर मोकळा प्ले, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीची ढिलाई, हवा, हे घरबसल्या बोटानं कळतं. मामांनी प्लेटा पेट्रोलनं धुतल्या, पॉलिश कागदावर हलकेच घासल्या, नव्या ऑइलमध्ये बुडवून बसवल्या, पॅकिंग नवं घातलं. सगळे मिळून ७८० रुपये.

गाडी स्लिप मारते असं वाटलं तर आधी सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरात चाळीसच्या वेगानं चालवा आणि एक्सलेटर एकदम पिळा. आवाज चढला आणि वेग चढला नाही, तर क्लच सटकतोय. टकटक आवाजासह झटके बसत असतील, तर चेन-स्प्रॉकेट बघा. मग केबल, मग ऑइल. इंजिन खोलायची पाळी त्यानंतरची, आणि खोलताना समोर उभं राहा. काढलेला पार्ट तुमच्या गाडीत बसवून दाखवायला सांगा.

मी परत त्या गॅरेजात गेलो होतो. “बिल कुठाय?” एवढंच तो म्हणाला. बिल कन्नडमध्ये असो नाहीतर मराठीत, त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि पार्टची नावं लिहून घ्या, आणि पैसे फोनवरून द्या म्हणजे नोंद राहते. बिल द्यायला नकार देणं हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथेत येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. माझ्याकडं बिल नाही, पण मामा साक्ष द्यायला तयार आहेत आणि प्लेट घरात जपून ठेवली आहे. या आठवड्यात तक्रार लिहायला बसतोय. बेळगावात अजून कुणाला अशीच न बसणारी काळी प्लेट दाखवली गेली असेल, तर ती टाकून देऊ नका.