भांड्यांवर बारा टक्के आणि ‘कर्नाटकातला टॅक्स’

तुळशीचं लग्न झालं की आमच्या खानापूर भागात भांड्यांची खरेदी सुरू होते. २०२५च्या नोव्हेंबरात लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला मी बेळगावच्या बाजारात गेले. तांब्याची घागर, पितळी परात, कळशी, स्टीलचे डबे. सगळं काट्यावर, किलोच्या भावानं, त्यामुळे छापील किंमत वगैरे काही नाही. घासाघीस करून २४,००० वर सौदा ठरला आणि मी खुशीत. घागरीवर मशीननं लेकीचं नाव कोरणं चालू होतं. त्या घर्रघर्रीतच दुकानदारानं बिल पुढं केलं, २६,८८०. ‘जीएसटी वेगळा, वहिनी.’ मोबाईलवरून पैसे दिले. नाव घातलेली घागर परत कोण घेणार?

पुढच्या आठवड्यात गडहिंग्लजची बहीण आली. तिनंही भांडी घेतली होती. तिच्या बिलावर जीएसटी अडीच आणि अडीच, म्हणजे पाच टक्के; माझ्या बिलावर सहा आणि सहा, म्हणजे बारा.

भाच्याला घेऊन दुकानात गेले. भाचा बी.कॉम.ला आहे. दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘ते महाराष्ट्रात हो. कर्नाटकातला टॅक्स वेगळा.’

खरं सांगते, मला पटलं. आपण सीमेवरची माणसं. निपाणी सोडून कागलला गेलं की पेट्रोलचा भाव बदलतो, हे वर्षानुवर्षं बघतोय. पण पेट्रोल जीएसटीत नाहीच. भांडी आहेत, आणि जीएसटीचा दर देशभर एकच. तांब्या-पितळेची आणि स्टीलची घरगुती भांडी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आली. गडहिंग्लजला ५, तर बेळगावातही ५.

भाच्यानं हे सांगितल्यावर दुसरं कारण निघालं: ‘जुना माल आहे, आम्ही बारानं भरलाय.’ हे तर सगळीकडेच ऐकवतात. माल कधी भरला ते बघायचं नसतं, विक्रीच्या दिवशीचा दर लागतो. खरेदीवर भरलेला कर नेहमीच्या नोंदणीतल्या दुकानदाराला पुढच्या भरण्यात वळता करून मिळतो, त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकावर कशाला?

शेवटी त्यानं १,६८० रुपये मोजून दिले, चहा पाजला आणि ‘दुरुस्त करतो’ म्हणून बिल मागून घेतलं. बदल्यात वर ‘एस्टिमेट’ लिहिलेला, नंबर नसलेला कागद दिला. मीही दिलं बिल! चूक माझीच. नशीब, भाच्यानं आधीच फोटो काढून ठेवला होता.

रात्री त्यानं त्या फोटोतला पंधरा अक्षरी जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला. २९ नं सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकचाच (महाराष्ट्राचा २७). नंबर खरा होता. पण नोंदणीचा प्रकार निघाला ‘कंपोझिशन’. असा व्यापारी आपल्या उलाढालीवर ठरावीक टक्का स्वतःच्या खिशातून भरतो. गिऱ्हाइकाकडून त्याला कर घेताच येत नाही, बारा नाही आणि पाचही नाही. तसं बिलावर आणि दुकानातल्या पाटीवर लिहिणंही त्याला बंधनकारक. म्हणजे उरलेले १,२०० सुद्धा त्यानं कर म्हणून घ्यायचे नव्हते. आणि मी त्याचे आभार मानून आले होते.

दुसऱ्या दिवशी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावला. मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली, बिलाचा फोटो आणि पैसे दिल्याची मोबाईलमधली नोंद जोडली. तिथं मिटलं नाही तर बेळगावातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. खरेदी ५ लाखांच्या आतली असली तर तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. भाचा म्हणतो, बिलाचे पैसे देताना आपणच नंबर तपासायचा. मी म्हणते, लग्नघरात कुणाला सवड असते? पण बिल मात्र पुन्हा कुणाच्या हातात देणार नाही.

परवा दुकानदाराचा फोन आला. ‘बाराशेसाठी एवढं कशाला वहिनी, एक कळशी घेऊन जा.’ कळशी नको म्हटलं. पैसे हवेत, आणि माझं पहिलं बिलही.