ओल्ड स्कूल रूनस्केप: पहाटे तीनला नदीकाठी

लेक दोन महिन्यांची असताना हा ऑनलाइन गेम फोनवर घेतला. उजव्या खांद्यावर ती, डाव्या हातात फोन, आवाज बंद. एका अंगठ्याने खेळता येईल आणि मध्येच फोन ठेवावा लागला तरी बिघडणार नाही, असं काहीतरी हवं होतं. आता ती पावणेदोन वर्षांची आहे, रात्रभर झोपते, आणि मी अजून खेळतेय.

मूळ रूनस्केप अँड्र्यू आणि पॉल गॉवर या भावांनी 2001 मध्ये आणला. ब्राउझर उघडला की खेळ सुरू, म्हणून शाळकरी पोरांमध्ये तो झपाट्याने पसरला. पुढे त्यात इतके बदल झाले की जुनी मंडळी नाराज झाली. मग 2013 मध्ये मतदान घेऊन ऑगस्ट 2007 चा जपून ठेवलेला बॅकअप पुन्हा सुरू केला, तोच हा ओल्ड स्कूल. आजही मोठा बदल करायचा तर खेळाडूंचा कौल घेतात आणि 70 टक्के मतं पडली तरच तो येतो. मला हे फार मोलाचं वाटतं. फोनवर तो 2018 पासून आहे. संगणकावरचंच खातं, जगही तेच.

चित्रं ओबडधोबड आहेत, पण दोन दिवसांत नजर सरावते. गेमचं सगळं मर्म त्याच्या संथपणात आहे. इथली प्रत्येक हालचाल 0.6 सेकंदांच्या ठोक्यावर चालते. झाड तोडायला लागलात की पात्र आपलं आपण तोडत राहतं, आणि तुम्हाला शेजारी कोण उभं आहे ते बघायला सवड मिळते.

माझ्या बहुतेक रात्री गेममधल्या बार्बेरियन व्हिलेज या गावाजवळच्या नदीवर गेल्या. हातात गळ, पिशवीत पिसं. ट्राउट, सामन, पुन्हा ट्राउट. मासे एका जागी टिकत नाहीत. ते हलले की काठावरची सगळी माणसं चार पावलं सरकतात. एकदा पहाटे तीनला माझी मासेमारीची 40 वी लेव्हल झाली. डोक्यावर आतषबाजी उडाली आणि सहा-सात अनोळखी लोकांच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत ‘जीझी’ उमटलं, म्हणजे अभिनंदन. घरात सगळे झोपलेले. एकाने विचारलं, इतक्या रात्री जागी कशी? मी म्हटलं, बाळाचं पोट दुखतंय. तो म्हणाला, माझी जुळी होती, चौथ्या महिन्यात थांबलं. आणि पुन्हा गळ टाकून उभा राहिला. त्या रात्री मला त्या वाक्याची किती गरज होती!

गर्दी म्हणजे अडचण, असं बऱ्याच ऑनलाइन गेममध्ये वाटतं. इथेही झाडासाठी चढाओढ असायची. 2023 मध्ये नियम बदलला: एकाच झाडाला जास्त जण भिडले की सगळ्यांचाच फायदा. तेव्हापासून लोक मुद्दाम एका झाडाशी जमतात.

सुरुवातीला चाचपडायला होतं. पहिल्या कामगिऱ्यांपैकी एकीत स्वयंपाक्याला अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं असतं. पिठासाठी गहू तोडा, पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावर ओता, खटका ओढा, खाली उतरून पीठ भरा. हे कुणी नीट सांगत नाही. मी पंचवीस मिनिटं चक्कीत वर-खाली करत होते. गेमची विकी, म्हणजे माहितीची वेबसाइट, उघडी ठेवूनच खेळा. बॉट, म्हणजे प्रोग्रॅमने चालवलेली खाती, हा कायमचा उपद्रव आहे.

आणि सावध राहा. ‘माझ्यामागे ये, भेट देतो’ म्हणत एकाने मला वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे खेळाडू एकमेकांना मारू शकतात त्या भागात, नेलं आणि तिथे मारलं. सगळ्यात महागड्या तीन वस्तू सोडून बाकी सगळं गेलं, तीन आठवड्यांची जमवाजमव. खूप वाईट वाटलं. त्या भागाच्या हद्दीवरचा खंदक ओलांडताना गेम इशारा देतो, तो वाचा.

घाई असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. 99 व्या लेव्हलला 1,30,34,431 गुण लागतात, आणि 92 व्या लेव्हलला पोचता तेव्हा जेमतेम निम्मे झालेले असतात. महिनाभर फुकटच खेळा. नदी, खाणी, पहिल्या कामगिऱ्या, सगळं त्यात आहे. आवडलं तरच सदस्यत्व घ्या.

जुळ्यांचा तो बाबा माझ्या मित्रयादीत आहे. एकाच वर्ल्डवर, म्हणजे गेमच्या एकाच सर्व्हरवर, असलो की त्याच्या नावापुढचा वर्ल्डचा आकडा हिरवा दिसतो. आमचं थांबायला पाचवा महिना लागला, हे त्याला कळवलंय.