पुण्यातली मुलांच्या संधिवाताची ओपीडी : कराडहून येणाऱ्या एका आईचा अभिप्राय

माझी लेक चार वर्षांची असताना तिचा गुडघा सुजला. सकाळी लंगडायची, जिना बसून उतरायची आणि दुपारी अंगणात पळायची. सगळे म्हणाले, वाढीचं दुखणं. त्यात आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठीची रक्तचाचणी, निगेटिव्ह आली, म्हणून संधिवाताचा विषयच मागे पडला.

इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोन्ही समज खोडून काढले. वाढीचं दुखणं संध्याकाळी-रात्री होतं, सूज नसते, सकाळी मूल ठणठणीत असतं. हिचं नेमकं उलट. आणि संधिवात झालेल्या बहुतेक मुलांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे तरी टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे जेआयए (जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस), मुलांचा संधिवात. बोलणं मात्र आधी लेकीशी : "काय गं, आज कुठला सांधा रुसलाय?"

मला सर्वांत मोलाची वाटते ती इथली डोळ्यांची तपासणी. या आजारात डोळ्याच्या आतही सूज येऊ शकते. बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मग मूल सांगणार काय? ती स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. लेकीची एएनए ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे तिला हा धोका जास्त, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासतात. नेत्रतज्ज्ञ त्याच दिवशी तिथे बसतात, त्यामुळे वेगळी खेप पडत नाही.

मेथोट्रेक्सेट हे तिचं संधिवाताचं औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. सिस्टरांनी फाइलवर लाल पेनने 'शनिवार' लिहिलं आणि माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मळमळ होते, पण रविवारी शाळा नसते. फॉलिक अ‍ॅसिड कधी द्यायचं, लिव्हरची तपासणी कधी, तेही लिहून दिलं. आज लेक जिना धावत उतरते.

उणीव सांगायची तर ताटकळणं फार. नंबर लागेपर्यंत मुलं रडकुंडीला येतात, आणि फिजिओथेरपीला वेळ अगदीच कमी देतात. व्यायाम घरी रोज करायचे तर ते आईबापाला नीट शिकवायलाच हवेत.

जाताना जुन्या रिपोर्टबरोबर लसीकरणाचं कार्डही न्या. औषध सुरू करण्याआधी गोवर, कांजिण्यांच्या लसी झाल्यात का, हे ते बघतात. या जिवंत लसी असतात, म्हणजे त्यांत दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात, त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.