घोंगडी की मिंक ब्लँकेट?

मऊपणावर निकाल लावायचा असेल तर ब्लँकेट पहिल्याच फेरीत जिंकते. घोंगडी टोचते, वजनाला जड, धुवायची कटकट, आणि ट्रंकेत नुसती टाकून ठेवली तर कसर लागते. ब्लँकेट मशीनमध्ये टाकले की झाले. पॉलिस्टरच ते, दर धुण्याला बारीक तंतू सांडपाण्यात सोडते, एवढेच.

घोंगडीमागचा पसारा मात्र वेगळाच. दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक मुळातच काळी, म्हणजे रंगाची भानगड नाही. धनगर मेंढ्या कातरतात, लोकरीचे सूत काततात, सनगर, म्हणजे घोंगडी विणणारा विणकर, ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ लावतो आणि खड्ड्यातल्या मागावर विणतो. नवी घोंगडी हाताला ताठ लागते ती या खळीमुळे. लोकरीत पाणी चटकन मुरत नाही, म्हणून मेंढपाळ पावसात तिचीच खोळ डोक्यावर घेतात. ब्लँकेटची खोळ करून बघा!

प्रवासाला, लहान मुलांना ब्लँकेटच बरे. अंथरायला, शेतावर, शेकोटीजवळ मी घोंगडीच घेईन. ठिणगी पडली तर लोकर करपून विझते, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. विकत घेताना एक धागा ओढून जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर अस्सल.