सीलबंद खोक्यातला दुसराच स्क्रीन

आमचं फोटोग्राफीचं काम आहे. कोल्हापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. शूटिंग नवरा करतो, कलर करेक्शन आणि लग्नाच्या अल्बमचं डिझाइन मी करते. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला की दोन-अडीच महिने डोकं वर काढायला सवड नसते, म्हणून मागच्या वर्षी दिवाळीआधीच नवा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. तेव्हा जे घडलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या धंद्यातल्या अजून दोघींचं हेच झाल्याचं मला नंतर कळलं.

मी डोळे झाकून खरेदी केली नव्हती. आधी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर विचारलं, डिस्प्ले कोणता? उत्तर आलं, "आयपीएस, १०० टक्के एसआरजीबी." आयपीएस हा स्क्रीनचा एक प्रकार, आणि एसआरजीबी हे स्क्रीन किती रंग दाखवतो त्याचं माप. मग कोल्हापूरला दुकानात गेले ती पेनड्राइव्ह घेऊनच. त्यात मुद्दाम एक फोटो ठेवला होता. नवरीचा गडद जांभळा शालू, त्यावर लाल काठ, हळद लागलेले हात. हे तीन रंग ज्या स्क्रीनवर नीट दिसतात, त्यावर माझं काम होतं. काउंटरवरच्या लॅपटॉपवर फोटो उघडला. जांभळा जांभळाच दिसला, काठाची कड वेगळी उठून आली. बाजूने पाहिलं, वाकून खालून पाहिलं, रंग हलला नाही. किंमत ६४ हजार. घ्यायचं नक्की केलं.

तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनी, हा डेमो पीस दिवसभर चालू असतो. तुम्हाला कशाला हा देऊ? आतून सीलबंद खोकं काढून देतो."

मला ते आपुलकीचं वाटलं. फसवणूक झाली ती नेमकी या वाक्याने.

खोक्यावर मालिकेचं नाव तेच, प्रोसेसर तोच, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. मॉडेलच्या नावाखालचा बारीक अक्षरातला लांबलचक कोड मात्र वेगळा होता, आणि तो मी वाचला नाही. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या दोन-तीन प्रकारचे स्क्रीन बसवतात. कोणत्या मशीनमध्ये कोणता, हे त्या कोडवरूनच कळतं.

घरी फोटो जरा फिका वाटला. नवीन मशीन आहे, सेटिंग वेगळं असेल, असं मनाला समजावलं. मांडीवर घेऊन मागे रेलले की चेहरे काळे पडायचे, तेव्हा मी झाकण पुढेमागे करत राहायचे. कामाचा ढीग होता.

पहिले दोन अल्बम छापून आले आणि पोटात गोळा आला. नवरीचे गाल भाजल्यासारखे लाल, हळदीचे फोटो नारिंगी. नवरीची आई अल्बम उलटता उलटता थांबली आणि हळूच म्हणाली, "अहो ताई, आमच्या पोरीला कावीळ झाल्यासारखी दिसतेय." मी काहीच बोलू शकले नाही. त्या घरातलं एकुलत्या एक मुलीचं लग्न होतं. दोन्ही अल्बम पुन्हा छापून दिले, ११ हजार रुपये खिशातून गेले.

अल्बम छापणाऱ्या लॅबवाल्याने माझीच फाइल त्याच्या कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे रंग अचूक जुळवलेल्या, मॉनिटरवर उघडून दाखवली. छपाई चुकलेली नव्हती, फाइलच तशी होती. स्क्रीन लाल रंग मुळातच मळकट दाखवतो, म्हणून मी तो वाढवत गेले. स्क्रीनवर निळसर झाक, म्हणून मी ऊब वाढवत गेले. दिसायला ठीक वाटेपर्यंत फाइल पार बिघडलेली असायची.

त्यानेच मला पॅनलचा, म्हणजे झाकणात बसवलेल्या मूळ स्क्रीनचा, कोड काढायला शिकवलं, आणि ते प्रत्येकाला यायला हवं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, मॉनिटर्समध्ये जा, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि तिथे हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे 'मॉनिटर' या शब्दानंतरची पहिली तीन अक्षरं पॅनल बनवणाऱ्या कंपनीची असतात. बीओई म्हणजे चीनची बीओई, एयूओ आणि सीएमएन या तैवानच्या एयू ऑप्ट्रॉनिक्स आणि इनोलक्स, एलजीडी आणि एसडीसी म्हणजे कोरियाच्या एलजी आणि सॅमसंग. पॅनलचं पूर्ण नाव बहुतेक वेळा एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरच्या भागात मिळतं. माझ्या लॅपटॉपवर निघालं एन१५६एचजीए. हा टीएन पॅनल, म्हणजे स्क्रीनचा स्वस्तातला जुना प्रकार. कोनातून रंग पालटणारा, आणि रंगक्षमता ४५ टक्के एनटीएससी (हे रंग मोजायचं जुनं माप). एसआरजीबीच्या मापात हे साधारण ६० ते ६५ टक्के भरतं. म्हणजे मला दाखवलेल्या रंगांपैकी एक तृतीयांशाहून जास्त या स्क्रीनवर येऊच शकत नव्हते, सेटिंग काहीही केलं तरी.

दुकानात गेले. दुकानदार आधी म्हणाला, "कंपनी मधेच पार्ट बदलते, आमच्या हातात काय आहे?" मी व्हॉट्सॲपचा मेसेज दाखवल्यावर सूर बदलला. "साडेचार हजार भरा, ओरिजिनल आयपीएस टाकून देतो, विषय संपला." सीझन तोंडावर होता, मी भरले. संध्याकाळी स्क्रीन बदलून मिळाला. खालून पाहिलं, बाजूने पाहिलं, आता चेहरे काळे पडत नव्हते. समाधानाने घरी आले, आणि शालूचा फोटो उघडला तर जांभळा तसाच विटका.

दुसऱ्यांदा फसले होते. आयपीएस म्हणजे चांगले रंग, अशी माझी समजूत होती आणि ती चूक आहे. आयपीएसमुळे कोन सुधारतो. रंग किती दिसणार हे वेगळं माप आहे. आयपीएस असून ४५ टक्के एनटीएससी, असे पॅनल बाजारात भरपूर आहेत आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये तेच असतात. काम करायचं तर १०० टक्के एसआरजीबी हवं, किंवा जुन्या मापात ७२ टक्के एनटीएससी. दोन्ही जवळपास एकच. नव्या पॅनलचं नाव एनव्ही१५६एफएचएम असं होतं. याच नावाने दोन्ही दर्जाचे पॅनल येतात, फरक असतो शेवटच्या डॅशनंतरच्या अक्षर-आकड्यांत. पॅनलूक या वेबसाइटवर पूर्ण नाव टाकलं की ब्राइटनेस आणि रंगक्षमता दोन्ही समोर येतात. शिवाय स्क्रीन अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या बाहेर बदललेला, त्यामुळे आता वॉरंटीचाही प्रश्न उभा राहिला.

लोक मला विचारतात, स्क्रीनसाठी डेल चांगला, एचपी चांगला, की लेनोव्हो? या प्रश्नाला उत्तरच नाही. पॅनल या कंपन्या बनवत नाहीत, वर सांगितलेल्या मोजक्या कारखान्यांतून सगळे घेतात. एकाच ब्रँडचा एक लॅपटॉप उत्तम असतो आणि शेजारचा रद्दड. त्यामुळे तुलना करायची ती माहितीपत्रकातल्या शब्दांची. एचपीच्या कागदावर एसव्हीए लिहिलेलं असेल तर तो टीएन जातीचा समजा. डेल डब्ल्यूव्हीए लिहितं, त्यातून कोन चांगला एवढंच कळतं, रंगाचं काही नाही. लेनोव्होच्या पीएसआरईएफ या साइटवर प्रत्येक मॉडेलला कोणकोणते स्क्रीन येतात, किती निट्स (ब्राइटनेसचं माप), किती रंग, हे स्पष्ट दिलेलं असतं, आणि ते मला फार उपयोगी पडलं. मॅकबुक एअरमध्ये २०२२ च्या एम२ पासून ५०० निट्स आणि पी३ (एसआरजीबीहून मोठ्या मापाचे) रंग मिळतात, तिथे ही भानगड नाही, पण पैसे तसे मोजावे लागतात. ओएलईडी या आणखी एका प्रकारच्या स्क्रीनचे रंग सुंदर असतात. मात्र कमी ब्राइटनेसवर त्याच्या लुकलुकण्याने काहींचं डोकं दुखतं, आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरची तीच पट्टी दिवसभर एका जागी राहिली तर तिचा डाग बसण्याची भीती असते. मी तो घेणार नाही.

मग मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदाराने स्क्रीनचे साडेचार हजार परत केले, लॅपटॉप बदलून द्यायला मात्र नकार दिला. बिलावर फक्त प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी लिहिलं होतं, स्क्रीनचा एक शब्द नव्हता, आणि तो त्यावरच अडून बसला. माझ्या हातात आहे तो खरेदीआधीचा व्हॉट्सॲप मेसेज. तो मी जपून ठेवला आहे, तुम्हीही असे मेसेज पुसू नका. वस्तू एका दर्जाची सांगून दुसऱ्या दर्जाची देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. मी केली आहे, निकाल यायचा आहे.

गेल्या महिन्यात भाच्याला लॅपटॉप घ्यायचा होता. दुसऱ्या दुकानात गेलो. मी म्हटलं, डेमो नको, जो देणार तोच इथे उघडा, आणि पैसे द्यायच्या आधी पॅनलचा कोड बघू द्या. त्या दुकानदाराने कुरकुर केली नाही. खोकं उघडलं, मशीन चालू केलं, कोड काढला, मी मोबाइलवर तपासला. मग पेनड्राइव्ह लावून शालूचा फोटो उघडला. जांभळा जांभळाच होता. बिलावर लिहून मागितलं, त्याने पेनाने लिहिलं: आयपीएस, ३०० निट्स, १०० टक्के एसआरजीबी, आणि खाली पॅनलचा पूर्ण नंबर. सही केली, शिक्का मारला. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली.