एरफुर्ट की ड्रेस्डेन: बहुमत नसलेल्या दोन सरकारांपैकी कुणाच्या राज्यात राहावं?

येना-इल्मेनाऊहून शिकून बाहेर पडलेली किंवा केम्निट्स-ड्रेस्डेनमध्ये कुठल्या तरी प्रकल्पावर लागलेली मराठी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. जर्मनीच्या पूर्वेलाच राहायचं, तर थ्युरिंगिया (राजधानी एरफुर्ट) बरं की सॅक्सनी (राजधानी ड्रेस्डेन)? पगार, घरभाडं, भिंगं बनवायची की चिप, हे ज्याचं त्यानं आधीच पाहिलेलं असतं. त्यात दोन्ही पारडी सारखी झाली की मग विषय सरकारवर येतो. माझ्यापुढे ही निवड आली तेव्हा दोन्हीकडे निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या आणि दोन्हीकडे सरकार काही बनत नव्हतं. मी शेवटी ड्रेस्डेन धरलं. का धरलं ते सांगतो, तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

दोन्ही राज्यांनी मतदान केलं एकाच दिवशी, १ सप्टेंबर २०२४ ला, आणि कोडंही जवळपास तेच पडलं. अतिउजव्या एएफडी पक्षाला थ्युरिंगियात ३२.८ टक्के, सॅक्सनीत ३०.६ टक्के. त्यांना कुणी सोबत घेणार नाही, हे गृहीत. पुराणमतवादी सीडीयू पक्षाच्या २०१८ च्या ठरावामुळे डाव्या लिंके पक्षाशीही आघाडी करता येत नाही. दोन्ही टोकं अशी छाटून टाकल्यावर मधे जे उरतं, त्यातून सरकार उभं करायचं.

एरफुर्टमध्ये मधे उरले सीडीयू २३, बीएसडब्ल्यू (झारा वागेनक्नेश्ट यांचा नवा पक्ष) १५ आणि एसपीडी (सोशल डेमोक्रॅट) ६. बेरीज ४४, सभागृह ८८ चं. बरोब्बर निम्मे, म्हणजे बहुमताला एक आमदार कमी. ड्रेस्डेनमध्ये १२० पैकी सीडीयूचे ४१ आणि एसपीडीचे १०, मिळून ५१. इथे दहा कमी. कागदावर पाहिलं तर एरफुर्टचं सरकार जास्त भक्कम दिसतं, आणि मला ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला त्यांनीही हेच सांगितलं होतं: एक मत कमी असणं आणि दहा कमी असणं यात फरक आहे बाबा. असेल. पण एक मत कमी असलेलं सरकार आपल्याला बहुमत असल्यासारखं वागायला जातं आणि दहा कमी असलेल्याला तसं वागताच येत नाही. माझ्या मते खरा फरक तिथे पडतो.

मला खटकलं ते मात्र आकड्यांच्या बाहेरचं. थ्युरिंगियात तीन पक्षांची बोलणी ऑक्टोबरच्या शेवटी अडकली ती आघाडीच्या करारातल्या युद्ध आणि शांततेवरच्या प्रस्तावनेवर. युक्रेन, रशिया, जर्मनीत यायची असलेली अमेरिकन क्षेपणास्त्रं! राज्य सरकारच्या हातात शाळा, पोलीस, विद्यापीठं. परराष्ट्र धोरणाशी त्याचा संबंध शून्य. सीडीयूचे मारिओ फोग्ट, एसपीडीचे गेओर्ग मायर आणि बीएसडब्ल्यूच्या कात्या वोल्फ यांनी बसून एक मजकूर ठरवला. तो झारा वागेनक्नेश्ट यांना बर्लिनमध्ये पसंत पडला नाही, आणि आपल्याच पक्षाच्या राज्यातल्या नेत्यांना त्यांनी जाहीरपणे सुनावलं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला दिल्लीचं हायकमांड नवं नाही. निदान तिथे भांडण तिकिटांचं आणि खात्यांचं असतं. इथे ज्या विषयावर राज्याला काहीच ठरवता येत नाही, त्यावरून राज्याचं सरकार थांबलेलं होतं.

त्या आठवड्यांत मी येनातल्या एका पदाच्या उत्तराची वाट पाहत होतो. पद राज्याच्या पैशांवरचं. फोन केला की तिथले लोक अतिशय सौजन्याने सांगायचे, सरकार आलं की कळेल. सरकार कधी येईल, तर बर्लिनचं समाधान झालं की. दोष त्या संस्थेचा नव्हता. पण ज्या माणसाच्या होकारावर सगळं अडलंय तो माणूस त्या खोलीतच नाही, राज्यातही नाही, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

न्यायाने सांगायचं तर वोल्फबाई नमल्या नाहीत. बारा वर्षं आयझेनाखच्या महापौर राहिलेली बाई ती. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात करार आला, १२ डिसेंबरला फोग्ट पहिल्याच फेरीत ५१ मतांनी मुख्यमंत्री झाले. ४४ चे ५१ कसे झाले? मतदान गुप्त असतं, पण लिंकेशी आधी बोलणं झालेलं होतं आणि हिशेब काही अवघड नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये याच सभागृहात उदारमतवादी एफडीपी पक्षाचे केमेरिख एएफडीच्या मतांवर मुख्यमंत्री झाले होते आणि काही दिवसांतच त्यांना पायउतार व्हावं लागलं होतं. ती ठेच सगळ्यांच्या लक्षात होती. पुढे एप्रिल २०२५ मध्ये बर्लिनच्या मर्जीविरुद्ध वोल्फ पुन्हा प्रदेशाध्यक्ष झाल्या. त्यामुळे हायकमांडवरचा माझा राग आज थोडा शिळा वाटला तर तेही बरोबरच.

ड्रेस्डेनमध्ये हीच बीएसडब्ल्यू होती, १५ आमदारांची. सीडीयू, एसपीडी आणि बीएसडब्ल्यू यांची प्राथमिक बोलणी ६ नोव्हेंबरला तुटली. त्याच रात्री बर्लिनमध्ये चॅन्सलर शोल्त्स यांचं केंद्रातलं सरकारही फुटलं, त्यामुळे ड्रेस्डेनकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. सॅक्सनीच्या राज्यघटनेत एक चाबूक आहे: नवी विधानसभा भरल्यापासून चार महिन्यांत मुख्यमंत्री निवडला नाही, तर विधानसभा आपोआप बरखास्त. थ्युरिंगियात अशी मुदतच नाही. मग सीडीयूचे आधीपासूनचे मुख्यमंत्री मिखाएल क्रेट्शमर यांनी एसपीडीला घेऊन सरळ अल्पमतातलं सरकार केलं. १८ डिसेंबरला पहिल्या फेरीत ते पडले, दुसरीत ६९ मतांनी आले. एएफडीने दुसऱ्या फेरीत स्वतःचा उमेदवार सोडून एका अपक्षासारख्या एकट्या आमदाराला मतं टाकली होती, तरीही.

या सरकारची मला आवडलेली गोष्ट म्हणजे सल्लामसलतीची पद्धत. विधेयकाची कल्पना सरकार सगळ्या पक्षगटांना आधीच कळवतं, त्यांनी सूचना द्यायच्या, मग मसुदा पुढे जातो. आमच्याकडे मतं नाहीत, हे सरकार पहिल्या दिवशीच लेखी कबूल करून बसलंय. एरफुर्टमध्येही लिंकेशी ठरावीक बैठका होतात, पण करारावर सही करता येत नाही म्हणून त्यांचा दर्जा काय, हे बाहेरच्याला उमगत नाही. ड्रेस्डेनची बातमी वाचली की कुणाला काय हवंय ते मला साधारण कळतं. एरफुर्टची वाचली की आधी आघाडी, मग लिंके, मग बर्लिन, असे तीन थर सोलावे लागतात.

आता ड्रेस्डेनचं उणं, आणि ते लहान नाही. सगळ्यांना विचारायचं म्हणजे वेळ जातो. थ्युरिंगियाने २०२५ चा अर्थसंकल्प एप्रिलमध्ये मंजूर केला; सॅक्सनीचा २०२५-२६ चा दोन वर्षांचा अर्थसंकल्प जूनच्या अखेरीस झाला, तोही ग्रीन्स आणि लिंके यांच्या मतांवर. म्हणजे आधीच्या सरकारात असलेल्या ज्या ग्रीन्सना पुन्हा सोबत घ्यायची क्रेट्शमर यांची मुळीच इच्छा नव्हती, त्यांच्याच दारात जावं लागलं. अर्धं वर्ष सगळं तात्पुरत्या खर्चावर. माझ्या ओळखीतल्या दोघातिघांची कंत्राटं त्यात लोंबकळली. घड्याळ लावून मोजाल तर एरफुर्ट जिंकतं, हे मान्य.

खातेवाटपाबद्दल फार लिहीत नाही. सॅक्सनीत एसपीडीकडे दोनच मंत्री: पेट्रा क्योपिंग यांच्याकडे समाजकल्याण, डिर्क पांटर यांच्याकडे अर्थव्यवहार, श्रम, ऊर्जा. थ्युरिंगियात बीएसडब्ल्यूला तीन खाती आणि वोल्फ यांच्या हाती थेट वित्त. आघाडीतल्या लहान भावाच्या हातात तिजोरी, हे धाडसाचं आहे आणि चालतंयही बरं.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात आणि माझ्या दृष्टीने ती वजनदार आहे. थ्युरिंगियात एएफडीचे ३२ आमदार म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, म्हणून दोन तृतीयांश लागणाऱ्या प्रत्येक कामात, अगदी न्यायाधीश निवड समितीच्या सदस्यांपर्यंत, त्यांना वगळून पुढे जाता येत नाही. सॅक्सनीत निकालाच्या रात्री त्यांचे ४१ जाहीर झाले होते. दुसऱ्या दिवशी कळलं की जागावाटपाच्या सॉफ्टवेअरने हिशेब चुकवलाय. दुरुस्त आकडा ४०. एकशेवीसपैकी ४० म्हणजे नेमका एक तृतीयांश, आडवं पडायला एक कमी. बाकी सगळे मिळून ८० भरतात, एकही गळाला तर नाही. फारच बारीक धागा आहे हा, पण आहे.

रस्त्यावरच्या वागणुकीत दोन राज्यांत मला तरी फरक जाणवलेला नाही, त्यामुळे त्या भीतीने एक टाकून दुसरं घेऊ नका. येनाची खाजगी कंपनीतली चांगली ऑफर हातात असेल तर ती सोडून ड्रेस्डेनला या, असंही मी म्हणणार नाही. पगार कंपनी देते, तिला विधानसभेचं काही नसतं. पण पद विद्यापीठाचं किंवा राज्याच्या प्रकल्पाचं असेल आणि सॅक्सनीत असेल, तर कंत्राटाची मुदत कोणत्या महिन्यात संपते ते सही करण्याआधी पाहा. पुढचा दोन वर्षांचा अर्थसंकल्प २०२७-२८ चा आहे, आणि तेव्हाही त्यांना दहा मतं बाहेरूनच आणायची आहेत.